चाळीस सेकंदांच्या तुकड्यात न मावणारा शहारा

वाचकाचे पत्र

महोदय, मी सांगलीच्या गावभागात राहते. वय 58. भजनी मंडळात पेटी वाजवते. शास्त्रीय गाणे रीतसर शिकले नाही, पण आवडीने ऐकते. मागच्या वर्षी मिरजेच्या दर्ग्यातील उरुसाच्या संगीत सभेला बसले होते. गायक मारवा हा राग गात होते. बराच वेळ षड्जाला, म्हणजे सा या स्वराला, शिवायचेच नाही असे ठरवल्यासारखे ते गात राहिले आणि शेवटी त्यांनी तो लावला, तेव्हा माझ्या मानेपासून दंडापर्यंत सरसरून काटा आला, डोळे भरून आले आणि शेजारी कोण बसले आहे याचेही भान राहिले नाही. भाच्याने मोबाइलवर ते सारे टिपले होते. त्यातला तेवढाच चाळीस सेकंदांचा तुकडा कापून त्याने मला दिला. आठ-दहा दिवस तो ऐकताना अंगावर काटा येई. आता काहीच होत नाही. मंडळातील एक बाई म्हणतात, ती कृपा होती, ती अशी मागून मिळत नाही. यजमान बँकेतून निवृत्त झाले आहेत. दिवसभर जुने रेडिओ उघडून बसतात, पण त्यांना कोणत्याच गाण्याने कधी काही झालेले नाही. ते म्हणतात, हा मज्जातंतूंचा विकार आहे, डॉक्टरांना दाखव. त्यांना स्वतःला काटा आला तो आयुष्यात एकदाच. 2019च्या पुराचे पाणी उतरल्यावर घर उघडले, तेव्हा चिखलात देवघरातली समई जागच्या जागी उभी दिसली म्हणून. मला विचारायचे आहे ते एवढेच: हा आजार आहे का, तो अनुभव गेला कुठे, आणि ज्याला गाण्याने काही होत नाही तो माणूस आतून कोरडा असतो का?

उत्तर

ताई, आपला पहिला प्रश्न लवकर निकालात काढता येण्याजोगा आहे, म्हणून त्याचेच उत्तर आधी देतो. गाणे ऐकताना अंगावर काटा येणे हा आजार नाही. जगभर असंख्य श्रोत्यांना तो येतो, काहींना आठवड्यातून अनेकदा, काहींना वर्षाकाठी एखाद्या वेळी. डॉक्टरांकडे जाण्याची वेळ वेगळी असते. गाणे नसताना, थंडी नसताना, कोणतेही कारण नसताना वारंवार शरीराच्या एकाच बाजूला काटा येऊ लागला, किंवा त्यासोबत क्षणभर शुद्ध हरपली, बोलणे अडखळले, तर मेंदूविकारतज्ज्ञाला अवश्य दाखवावे, कारण अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या, काही विरळ प्रकारांत असे घडते. भान राहिले नाही असे आपण लिहिले आहे खरे, पण गायकाने कोणता स्वर कसा लावला हे आपल्याला वर्षभरानंतरही आठवते. शुद्ध हरपलेल्या माणसाला असे काही आठवत नाही. यजमानांना एवढे सांगून त्यांची काळजी मिटवावी.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात नोकरीचा सारा काळ घालवला, तेव्हा त्वचेवर नेमके काय घडते ते सांगण्याचा मोह मला आवरत नाही. अंगावरील जवळजवळ प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो. तो आखडला की केस उभा राहतो आणि भोवतालची त्वचा किंचित वर उचलली जाते. त्यालाच आपण काटा म्हणतो. हा स्नायू आपल्या इच्छेने हलत नाही. संकटसमयी शरीराला सज्ज करणारी जी चेतासंस्था आहे, तिच्या ताब्यात तो असतो. मांजर कुत्र्यासमोर फुगते, थंडीत पाखरू पिसे फुलवून बसते, ती हीच युक्ती. माणसाच्या अंगावर तेवढे केस उरले नाहीत, पण युक्तीची यंत्रणा शिल्लक राहिली. म्हणूनच भुताच्या गोष्टीने येतो तोही काटा, जानेवारीत पहाटे कृष्णेच्या घाटावर येतो तोही काटा आणि षड्जाने येतो तोही काटाच. भीती आणि आनंद यांच्यासाठी एकच शब्द वापरण्यात मराठीने काटकसर केलेली नाही. शरीरानेच तशी केली आहे.

आता कोडे असे की, भीतीची यंत्रणा आनंदाच्या वेळी का चालावी? अमेरिकेतील संगीतशास्त्रज्ञ डेव्हिड ह्युरन यांनी याचे जे स्पष्टीकरण मांडले, ते मला सर्वांत पटते. अचानक मोठा झालेला आवाज, अनपेक्षित वळण, एकदम उंचावर चढलेला स्वर यांची पहिली दखल मेंदूचा जो भाग घेतो तो घाईचा आणि संशयी असतो. तो विचार न करता धोक्याची घंटा वाजवतो आणि केस उभे राहतात. पाठोपाठ मेंदूचा विचार करणारा भाग जागा होतो आणि हा तर गवय्या आहे, वाघ नव्हे, असा निर्वाळा देतो. घाबरून झालेले असते, पण घाबरण्याचे कारण उरलेले नसते, आणि या तफावतीतून सुखाची लाट उसळते. जत्रेतल्या उंच पाळण्यात बसणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हा सिद्धान्त झाला. त्याच्या बाजूला प्रयोगही आहेत. माँट्रियल येथे अ‍ॅन ब्लड आणि रॉबर्ट झटोरे यांनी 2001 मध्ये दहा संगीतकारांना त्यांच्या अंगावर हमखास काटा आणणारे संगीत स्वतःच निवडून आणायला सांगितले आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजला. काटा जितका तीव्र, तितका अन्न, शरीरसुख आणि मादक द्रव्ये यांनी चेतवल्या जाणाऱ्या केंद्रांकडे रक्त अधिक वाहिले, आणि भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डाला नावाच्या भागाकडे ते कमी झाले. म्हणजे घंटा वाजते आणि पहारेकरी निश्चिंत होतो, हे दोन्ही एकाच प्रसंगी. त्या प्रयोगातली आणखी एक बाब ध्यानात ठेवावी, कारण यजमानांच्या प्रश्नाकडे वळताना ती कामी येईल: एकाने निवडून आणलेले संगीत त्यांनी दुसऱ्याला तुलनेसाठी ऐकवले होते, आणि पहिल्याला रोमांचित करणाऱ्या त्याच संगीताने दुसऱ्याच्या अंगावर काटा आला नव्हता.

आपला दुसरा प्रश्न, तो अनुभव गेला कुठे, हा माझ्या मते या पत्राचा गाभा आहे. ताई, तो कुठे गेलेला नाही. भाच्याने प्रेमाने कात्री चालवली आणि त्या कात्रीखाली अर्धा अनुभव कापला गेला.

मारवा हा राग कसा बांधलेला आहे ते पाहा. त्यात पंचम (प) नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तारही पंचमावर न मिळवता बहुधा निषादावर (नी) मिळवतात. रेंगाळायचे ते कोमल रिषभावर (रे) आणि धैवतावर (ध). षड्ज हे तर प्रत्येक रागाचे घर, पण मारव्यात गायक त्या घराच्या अंगणातून जातो, ओसरीवरून जातो, उंबऱ्याशी थबकतो आणि आत जात नाही. पाच मिनिटे, दहा मिनिटे असे चालले की आपण नेमके कुठे उभे आहोत हेच ऐकणाऱ्याला कळेनासे होते. कान अस्वस्थ होतो, आणि त्याला हवे आहे काय, तर तोच एक स्वर जो त्याला दिला जात नाही. मग तो लागतो. पेटीवर नुसता षड्ज दाबून पाहा, अंगावर काटा येत नाही. त्या रात्री आपल्या दंडावर जे उमटले ते षड्जाचे नव्हते. षड्जाला दिलेल्या त्या दहा मिनिटांच्या नकाराचे होते.

याला प्रयोगाचा आधार आहे. व्हॅलरी सलिमपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, माँट्रियल येथेच, 2011 मध्ये दाखवून दिले की अशा प्रसंगी मेंदूत डोपामिन हे रसायन दोन टप्प्यांत आणि दोन निरनिराळ्या ठिकाणी स्रवते. परमोच्च क्षण येण्याच्या काही सेकंद आधी, म्हणजे आता येणार, आता येणार असे वाटत असताना, कॉडेट नावाच्या भागात, आणि प्रत्यक्ष तो क्षण आला की न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बन्स या भागात. वाट पाहणे हा सुखाआधीचा रिकामा वेळ नसतो. सुखाचा पहिला हप्ता तेव्हाच मिळालेला असतो. (यजमान बँकेत होते म्हणून हा शब्द वापरला.) पुढे 2019 मध्ये आणखी एका प्रयोगात श्रोत्यांना डोपामिन वाढवणारे औषध दिले असता संगीताचे सुख वाढले आणि डोपामिनला अटकाव करणारे औषध दिले असता ते घटले, तेव्हा हे रसायन केवळ साक्षीदार नाही, कर्ता आहे, असे मानायला हरकत नाही. मात्र तो एकटाच कर्ता आहे असेही नाही. फार पूर्वी, 1980 मध्ये, अमेरिकेतील औषधशास्त्रज्ञ अ‍ॅव्हरम गोल्डस्टाइन यांनी शरीरातील अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध देऊन पाहिले होते, आणि काही श्रोत्यांचे शहारे त्याने कमी झाले होते.

आता त्या चाळीस सेकंदांत काय उरले आहे ते पाहू. उंबऱ्याशी थबकणे गेले. अस्वस्थ झालेला कान गेला. उरला तो षड्ज, आणि फार तर त्याआधीचा एक उसासा. सुरुवातीचे आठ-दहा दिवस काटा आला, कारण कापलेला भाग आपल्या आठवणीत ताजा होता आणि तुकडा सुरू होताच मन ती दहा मिनिटे स्वतःच भरून काढत होते. आठवण जसजशी फिकी झाली तसतसे भरून काढायला काही उरले नाही. त्यात पुन्हा मोबाइलचा बोटाएवढा ध्वनिवर्धक. त्यातून तंबोऱ्याचा खर्ज आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि मला संशय आहे, आपण लिहिलेले नसले तरी, की ते ऐकणे भाजी निवडताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना होत असावे. शहाऱ्याला लक्ष लागते. अर्धे लक्ष दिले तर गाणे कानावर पडते, आवडतेही, पण घाईचा पहारेकरी दचकत नाही.

येथे एक रास्त शंका निघते. वाट पाहणे आणि दचकणे एवढ्यावरच सारे अवलंबून असेल, तर पाठ झालेल्या गाण्याने मुळीच काटा येऊ नये. प्रत्यक्षात मात्र ओळखीच्या गाण्यानेच तो अधिक येतो. याचे कारण, आपल्या अपेक्षा दोन प्रकारच्या असतात. एक, हे गाणे पुढे कसे जाते याची आठवण. दुसरी, आयुष्यभर गाणी ऐकून कानाला लागलेली सवय, जिला या विशिष्ट गाण्याचे काही देणेघेणे नसते. निषादावर थांबलेला स्वर वर सरकेल, मात्रा मोजत आलेली तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तोच तुकडा, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडेल, ही दुसऱ्या प्रकारची अपेक्षा. ती फार खोल रुजलेली असते आणि पुढे काय होणार हे माहीत असूनही दर वेळी नव्याने फसते. भजनात अभंगाचे शेवटचे चरण ठाऊक असतानाही पखवाजाच्या त्या उठावणीला आपला हात टाळ्यांसाठी आपोआप वर जातो, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा ओळख वैरी नाही. सलग दीडशे वेळा एकच तुकडा ऐकून कानाला आलेला बधिरपणा हा वैरी आहे, आणि तो उतरतो.

म्हणून माझा सल्ला असा की तो तुकडा आजच पुसून टाकावा. भाच्याकडे पूर्ण ध्वनिमुद्रण असेल. ते मागून घ्यावे आणि निदान दोन महिने ऐकू नये. मग एखाद्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास, कारण मारव्याची वेळ तीच, घरात दुसरे काही चालू नसताना, बऱ्यापैकी ध्वनिवर्धकावर किंवा कानात घालायच्या चांगल्या यंत्रावर ते अगदी पहिल्या आलापापासून ऐकावे. मधला भाग पुढे ढकलू नये. काटा येतो का याची वाट पाहत मात्र बसू नये, कारण मग लक्ष गायकाकडे राहत नाही, स्वतःच्या दंडाकडे जाते. आणि आला नाही, तर नाही आला. राग ऐकून झाला, ही काही लहान मिळकत नव्हे. मिरजेची ती सभा पुन्हा भरेल तेव्हा तेथे जावे. समोर बसलेला माणूस षड्ज केव्हा लावणार हे त्याचे त्यालाही आधी ठाऊक नसते, आणि प्रत्यक्ष बैठकीची ही बरोबरी कोणतेही मुद्रण करू शकत नाही. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांचे दफन जेथे झाले, त्या आवारात बसून सुराची वाट पाहण्याची सोय आपल्याला दहा-बारा किलोमीटरवर आहे. पुण्या-मुंबईच्या रसिकांना त्यासाठी रात्रीचा प्रवास करावा लागतो.

डोळे का भरले, याविषयी थोडे. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी 1991 मध्ये 83 श्रोत्यांना संगीतातील नेमक्या कोणत्या जागी काय होते ते विचारले. काटा बहुधा स्वरसंवाद, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा मेळ, अचानक बदलतो तेथे येतो, तर अश्रू मुख्य स्वरावर येण्याआधी शेजारच्या स्वरावर भार देऊन किंचित रेंगाळण्याच्या जागी येतात, असे त्यांना आढळले. पाश्चात्त्य संगीतातील ही जागा आपल्या कणस्वराच्या, म्हणजे मुख्य स्वराआधी निसटता लागणाऱ्या शेजारच्या स्वराच्या, नात्यातली आहे. मारव्यात रिषभावर रेंगाळून मग षड्जावर येणे म्हणजे तीच जागा पाच-दहा पटींनी ताणून धरलेली, असे मला वाटते. प्रयोगाने हे कोणी दाखवलेले नाही, हे माझे स्वतःचे मत समजावे. मेंदूशास्त्रज्ञ जाक पँकसेप यांनी याहून पुढे जाऊन असे सुचवले होते की उंच, एकाकी, करुण स्वर हा आईपासून दुरावलेल्या पिलाच्या हाकेसारखा ऐकू येतो आणि त्या हाकेने अंगात जी थंडी भरते ती म्हणजे हा शहारा. कल्पना मोहक आहे. वासराची हाक ऐकून गोठ्यात गाय कशी कासावीस होते हे ज्याने पाहिले आहे त्याला ती लगेच पटेल. पण भरदार ढोल-ताशानेही काटा येतो, आणि त्यात कोणतेही पिलू हरवलेले नसते, त्यामुळे मी तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवत नाही.

मंडळातील बाईंना काय सांगावे? आपल्या परंपरेने या काट्याची नोंद फार जुन्या काळी घेतली आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात जे आठ सात्त्विक भाव सांगितले, स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय, त्यांत रोमांच आणि अश्रू दोन्ही आहेत. पुढे भक्तिमार्गाने हेच अष्टभाव भक्ताची खूण म्हणून स्वीकारले. त्या रात्री आपल्याला आठांपैकी निदान दोन झाले, आणि भान हरपण्याला प्रलय म्हणायचे ठरवले तर तीन. त्या बाई कृपा म्हणतात, मी डोपामिन म्हणतो. दोन्ही शब्द एकाच दंडाविषयी आहेत आणि त्यांच्यात भांडण लावण्याची मला गरज वाटत नाही. ही गोष्ट मागून मिळत नाही, हे तर त्यांनी माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितले आहे.

राहिले यजमान. येथे मला जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण आपण कोरडा हा शब्द वापरला आहे आणि तो शब्द संसारात फार खोल जातो.

गाणे आवडणाऱ्या अनेकांनाही कधी काटा येत नाही. काटा येणे ही रसिकतेची परीक्षा नव्हे. स्वभावाने नव्या अनुभवांकडे ओढ असणाऱ्यांना तो अधिक येतो असे काही अभ्यासांत दिसले आहे, आणि ज्यांना तो वारंवार येतो त्यांच्या मेंदूत श्रवणाची आणि भावनांची केंद्रे जोडणारे तंतू अधिक असल्याचे अमेरिकेतील एका छोट्या अभ्यासात 2016 मध्ये आढळले. पण हे तंतू जन्मतःच असतात की ऐकून ऐकून वाढतात, ते त्यावरून ठरत नाही. याखेरीज काही माणसे अशीही असतात की ज्यांना संगीताने मुळीच सुख होत नाही. बार्सिलोना येथील संशोधकांनी 2014 मध्ये अशा धडधाकट माणसांचा अभ्यास केला. त्यांचा कान शाबूत होता. सूर वेगळे ओळखता येत होते, गाणे दुःखी की आनंदी हेही सांगता येत होते. पैसे जिंकण्याचा खेळ त्यांना खेळायला दिला तेव्हा त्यांची नाडी आणि त्वचा इतरांसारखीच उत्तेजित झाली. गाण्याने मात्र काही झाले नाही. म्हणजे सुखाची पेढी व्यवस्थित चालू होती, फक्त संगीताचे खाते तेथे उघडलेले नव्हते. यजमान त्यांच्यापैकी आहेत असा निष्कर्ष मी एका पत्रावरून काढणार नाही, पण असले तरी त्यात त्यांच्या मनाचा दोष नाही.

आणि ताई, आपल्याच पत्रातील एक वाक्य आपण घाईने लिहून पुढे गेलात. चिखलाने भरलेले घर, हाती काही लागेल अशी आशा सोडून दिलेली, दार ढकलले आणि देवघरात समई उभी. ज्याला अंगावर काटा आणणारी जागा म्हणतात, ती याहून निराळी नाही: लांबलेली धास्ती, मनाने सोडून दिलेली अपेक्षा, आणि मग घर जागेवर असल्याची एक खूण. आपल्याला षड्जाने जे दिले तेच त्यांना त्या समईने दिले. गोल्डस्टाइन यांच्या पाहणीतही शहाऱ्याची कारणे केवळ संगीतापुरती नव्हती. निसर्गातील दृश्ये, नाटक-सिनेमातील प्रसंग अशी अनेक होती. मला स्वतःला सांगायचे तर, उत्तम ख्याल ऐकताना माझ्या अंगावर क्वचितच काटा येतो, आणि शाळेच्या मैदानावर शे-दोनशे मुले बेसूर आवाजात एकत्र गाऊ लागली की हटकून येतो. मैफलीतील मित्रांना हे मी बरीच वर्षे सांगितले नव्हते.

तेव्हा यजमानांना गाणी ऐकवून, आता काही झाले का, असे विचारणे कृपया थांबवावे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून काटा कोणालाच येत नाही. त्यांना रेडिओ उघडून बसण्याची आवड आहे, तर एखाद्या सकाळी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत त्यांना घेऊन जावे. तेथे एखादा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना, म्हणजे तारेचा झंकार जुळवताना, भेटेल. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो, तार त्याला ओझरती स्पर्श करते आणि तिच्याखाली सुताचा एक धागा सारलेला असतो. तो धागा केसभर पुढेमागे सरकवला की मघाचा मुका, ठोकळ आवाज एकाएकी फुलतो आणि एका तारेतून अनेक स्वर झंकारत बाहेर पडतात. पदार्थविज्ञानाच्या नेहमीच्या नियमाने ज्या उपस्वरांनी गप्प बसायला हवे तेही यात बोलतात, याचे नवल चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शंभरएक वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे, आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्यात रस वाटेल अशी माझी अटकळ आहे. कारागिराला दोन-तीनदा धागा काढून पुन्हा घालून दाखवायची विनंती करावी. मात्र त्या वेळी आपण तंबोऱ्याकडेच पाहावे. यजमानांच्या हाताकडे पाहू नये.